पर्पटाच्या गाठोड्यातील पाटलपुष्प कुल

मुस्ता, पर्पट, उशीर, चंदन, उदीच्य व नागर या सहा द्रव्यांचे षडंगपानीय आपण सर्वजण ज्वरात योजतो. यांतील प्रत्येक द्रव्य आपण नावाने मागवितो व नावावरच स्वीकारतो. उदीच्याविषयी मतभेद आहेत, हे अभ्यासकांना ठाऊकच आहे. परंतु पर्पट या एका नावाखाली वनस्पतींची जितकी भिन्न कुले एकत्र आली आहेत, तितकी फार थोड्या द्रव्यांच्या वाट्याला आली असतील. बाजारातून आलेले पित्तपापड्याचे गाठोडे सोडावे, तर त्यात अहिफेन कुलातील फ्युमारिया असू शकते, मंजिष्ठा कुलातील ओल्डनलँडिया असू शकते, वासा कुलातील जस्टिशिया किंवा रुंजिया असू शकते, झरसाच्या कुलातील एखादी वनस्पती असू शकते आणि पाटलपुष्प कुलातील पॉलिकार्पियाही असू शकते. प्रस्तुत लेखाचा विषय हे शेवटचे कुल आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला फारशी जागा मिळालेली नाही, कारण संहितोक्त प्रमुख द्रव्यांपैकी क्वचितच एखादे त्यात मोडते. आणि म्हणूनच ते समोर आले तरी ओळखले जात नाही.

शासनमान्य आयुर्वेदीय औषधिकोशाने पर्पट म्हणून फ्युमारिया पार्व्हिफ्लोरा स्वीकारली आहे. ही उत्तर भारतातील हिवाळी पिकांत, विशेषतः गव्हाच्या शेतांत, आपोआप उगवणारी वनस्पती. दक्षिणेकडे व पश्चिम किनाऱ्यावर ती सहज हाती लागत नाही. त्यामुळे केरळातील वैद्यांनी ओल्डनलँडिया स्वीकारली, गुजरात-महाराष्ट्रात वासा कुलातील वनस्पती व पॉलिकार्पिया वापरात आल्या. यात अपराध कोणाचाच नाही. भावमिश्रांनी अभावप्रतिनिधी द्रव्यांचा विचार केलेलाच आहे. मात्र प्रतिनिधी द्रव्य हे प्रतिनिधी म्हणून, जाणून वापरावयाचे असते. फ्युमारियात प्रोटोपीनसारखी अल्कलॉइडे आहेत. पॉलिकार्पियात सॅपोनिन वर्गातील, पाण्यात फेस आणणारी द्रव्ये आहेत. एकाच चिकित्सकाने एकाच मात्रेत एका महिन्यात एक व दुसऱ्या महिन्यात दुसरे दिले, आणि गुण आला किंवा आला नाही, तर तो अनुभव नेमका कोणत्या द्रव्याच्या नावे लिहावयाचा?

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगून ठेवले आहे की वनात वावरणारे गुराखी, मेंढपाळ हे ओषधींना नाम व रूप यांनी ओळखतात. वैद्याने त्यापुढे जावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. आज आपली स्थिती अशी की नाम आपण व्यापाऱ्याकडून घेतो आणि रूप पाहतच नाही.

आता या कुलाच्या नावाविषयी थोडे, कारण येथेच विद्यार्थ्यांचा पहिला घोटाळा होतो. शास्त्रीय नाव कॅरिओफायलेसी. लिनियसने लवंगेला कॅरिओफायलस ॲरोमॅटिकस म्हटले होते. त्यामुळे लवंग याच कुलातील असावी असे सहज वाटते. वस्तुतः लवंग जम्बू कुलातील आहे. हे कुल ज्यावरून ओळखले जाते ते कार्नेशनचे फूल. त्याचे नाव डायँथस कॅरिओफायलस. कार्नेशनच्या सुगंधात लवंगेतील युजेनॉल असते, आणि त्या गंधसाम्यावरून नाव जुळले. मावळ भागातील हरितगृहांतून पुष्पगुच्छांसाठी येणारी कार्नेशने सर्वांनी पाहिली आहेत. मराठीतील पाटलपुष्प हे नावही जपून वापरावे. येथे पाटल म्हणजे गुलाबी रंगाचे. दशमुळातील पाटलेशी त्याचा काहीही संबंध नाही. नावांनी वनस्पती जितक्या सापडतात तितक्याच हरवतात, असे म्हणावेसे वाटते.

या कुलात दोन हजारांहून अधिक जाती आहेत. बहुतेक थंड प्रदेशातील. हिमालयात त्या विपुल आहेत, दख्खनच्या पठारावर व कोकणात मोजक्याच. परंतु कुलाचा साचा एकदा मनात बसला की मोजक्या असोत वा विपुल, ओळख पटते.

प्रथम खोड पाहावे. या वनस्पती प्रायः लहान, ओषधी स्वरूपाच्या असतात आणि त्यांची पेरी, म्हणजे जेथून पाने फुटतात ते सांधे, फुगीर असतात. पाने जवळजवळ सर्व जातींत समोरासमोर, साधी व अखंड कडेची असतात. समोरासमोरच्या दोन पानांचे तळ खोडाभोवती एका आडव्या रेषेने जोडलेले दिसतात. ही रेषा फार उपयोगी खूण आहे. खोड मोडले असता चीक येत नाही. दुधीसारख्या जमिनीलगतच्या वनस्पती एवढ्या एकाच परीक्षेने बाजूला काढता येतात. अर्थात वनस्पती ओली असेल तर; वाळलेल्या गाठोड्यात ही सोय उरत नाही.

फुलोरा द्विशाखी वल्लरीचा असतो. म्हणजे मधले फूल आधी उमलते, त्याच्या दोन बाजूंनी दोन फांद्या निघतात, प्रत्येकीच्या टोकाला पुन्हा फूल, व त्याखालून पुन्हा दोन फांद्या. संदले व पाकळ्या बहुधा पाच-पाच, क्वचित चार-चार. पाकळीच्या टोकाला खाच असते, कधी ती इतकी खोल की पाच पाकळ्यांच्या दहा भासतात. स्टेलारिया मीडिया या लहान पांढऱ्या फुलांच्या तणात हे फार स्पष्ट दिसते. केसरदले पाकळ्यांच्या दुप्पट किंवा त्याहून कमी.

परंतु खरी कसोटी किंजपुटात आहे, आणि ती करण्यास पाते व हातभिंग एवढेच पुरते. किंजपुट ऊर्ध्वस्थ असतो, म्हणजे संदले त्याच्या खाली जोडलेली असतात. पात्याने तो आडवा कापला असता आत एकच कप्पा दिसतो. त्या कप्प्याच्या मध्यभागी एक स्तंभ उभा असून बीजके त्याला चिकटलेली असतात. भिंतीशी त्यांचा संबंध नसतो. यालाच मुक्तमध्य बीजकविन्यास म्हणतात. फळ म्हणजे बोंड. ते पिकल्यावर टोकाशी दातांनी किंवा शकलांनी उघडते. येथे निसर्गाने मोजदादीची एक सोय करून ठेवली आहे. किंजले जितकी, तितकी शकले किंवा त्याच्या दुप्पट दात. डायँथसला किंजले दोन, दात चार. स्टेलारियाला किंजले तीन, शकले सहा. सेरॅस्टियमला किंजले पाच, दात दहा. फूल गळून गेले असले तरी कोरड्या बोंडाच्या तोंडावरील दात मोजून प्रजातीच्या जवळ जाता येते, आणि बाजारी द्रव्यात फुलापेक्षा बोंडेच अधिक टिकलेली असतात. बियांतील गर्भ सरळ नसून साठवणीच्या अन्नाभोवती कमानीसारखा वाकलेला असतो. बी भिजवून उभे कापल्यास तोही दिसतो, पण हात सरावलेला हवा.

जुने ग्रंथकार या कुलाचे तीन गट करीत : संदले सुटी असलेला, संदले जुळून नळी झालेला, आणि उपपर्णे असलेला. गुणसूत्रांतील द्रव्याच्या अभ्यासानंतर ही विभागणी मोडली आहे. तरीही हाती वनस्पती घेऊन उभे राहिलेल्यास ती आजही उपयोगी वाटते. उत्तरेकडील गव्हाच्या शेतांतील साबुनी, म्हणजे सॅपोनारिया व्हॅकारिया, ही दुसऱ्या गटातील : संवर्त फुगीर, त्यावर पाच धारदार पंख, पाने निळसर झाक असलेली व खोडाला मिठी मारणारी, बिया काळ्या व गोल. अशी वनस्पती एकदा पाहिल्यावर विसरणे कठीण. आपल्या पॉलिकार्पियाचा गट तिसरा, आणि हीच अडचणीची बाब आहे, कारण ती कुलाच्या ठळक खुणा लपवून बसलेली आहे.

पॉलिकार्पिया कोरिम्बोसा रेताड, मुरमाड जमिनीत व कातळावरील पातळ मातीच्या थरात उगवते. उंची वीतभर ते हातभर. पाने रेषाकृती असून एका पेऱ्याभोवती चक्राने लागल्यासारखी दिसतात. प्रत्यक्षात ती समोरासमोरच असतात. बगलेतील आखूड फांद्यांवरची पाने गर्दी करतात, म्हणून चक्राचा भास होतो. पेऱ्यावर पातळ, पांढुरकी, कागदी उपपर्णे असतात. फुले अगदी बारीक, टोकाशी दाट झुबक्यांत. रुपेरी दिसतात ती पाकळ्या नसून संदले होत. पाकळ्या त्यांहून लहान व आत दडलेल्या. केसरदले पाच, किंजल एक, आणि बोंड तीन शकलांनी उघडणारे. खाच असलेली ठसठशीत पाकळी शोधीत बसणारा येथे निश्चित फसतो. कागदी उपपर्णे, एककप्पी किंजपुटातील मधला स्तंभ आणि तीन शकले, या तिन्हींवर भिस्त ठेवावी.

वाळल्यावर ही रुपेरी झुबकेदार वनस्पती कुरडू किंवा कपूरमधुरीच्या तुकड्यांसारखी दिसते. पण त्या दोहोंची पाने एकाआड एक असतात व त्यांना उपपर्णे नसतात. याहून सूक्ष्म फसवणूक रुंजियाची आहे. तिच्या कणसातील छदांना रुंद, पारदर्शक, कागदी कडा असतात, आणि चुरा झालेल्या द्रव्यात त्या कडा पॉलिकार्पियाच्या संदलांसारख्याच चमकतात. अशा वेळी फळ शोधावे. वासा कुलातील फळाला दोन कप्पे असतात आणि बियांखाली बारीक आकडे असतात. पाटलपुष्प कुलात असे आकडे नाहीत. ओल्डनलँडियाच्या फळाच्या माथ्यावर संवर्ताचे चार दात शिल्लक राहतात, कारण तिचा किंजपुट अधःस्थ आहे. फ्युमारियाची पाने सुताप्रमाणे बारीक चिरलेली, फळ लहान, गोल, एकाच बियेचे. झरस, म्हणजे ग्लायनस, पाटलपुष्प कुलाच्या सर्वांत जवळचा. एके काळी अशा वनस्पतींच्या वर्गीकरणाविषयी तज्ज्ञांतही एकमत नव्हते. पण त्याचा किंजपुट आडवा कापला की तीन कप्पे दिसतात, आणि प्रश्न मिटतो.

येथे नावाचा आणखी एक सापळा सांगितलाच पाहिजे. पॉलिकार्पिया कोरिम्बोसा आणि ओल्डनलँडिया कोरिम्बोसा या दोन्ही वनस्पती पर्पटाच्या यादीत आहेत, आणि दोन्हींचे जातिनाम एकच. त्याचा अर्थ केवळ फुलोरा छत्रीसारखा सपाट, एवढाच. चिठ्ठीवर प्रजातीचे आद्याक्षर व पुढे कोरिम्बोसा असे लिहिण्याची सवय असेल, तर घाईत एकीची दुसरी होण्यास वेळ लागत नाही. पूर्ण नाव लिहावे.

बाजारी द्रव्याची परीक्षा अशी करता येते. गाठोड्याच्या निरनिराळ्या भागांतून मूठ-मूठ द्रव्य काढून कोमट पाण्यात भिजत घालावे. मऊ झाल्यावर पांढऱ्या ताटलीत पसरून, दहापट मोठे दाखविणाऱ्या हातभिंगाने फुले व फळे वेगळी करावीत. पानांच्या चुऱ्याकडे प्रथम पाहू नये. तो सर्वांत जास्त असतो आणि सर्वांत कमी सांगतो. फेनपरीक्षाही अनेकजण करतात : चूर्ण पाण्यात हलविले असता मधाच्या पोळ्यासारखा टिकणारा फेस आला तर सॅपोनिन आहेत. फ्युमारिया म्हणून आलेल्या द्रव्याला असा भरपूर फेस आला तर संशय घ्यावा. मात्र एवढ्यावरून पॉलिकार्पिया सिद्ध होत नाही, कारण झरसातही ही द्रव्ये आहेत.

केवळ चूर्णच हाती असेल तर सूक्ष्मदर्शक लागतोच. द्रव्यगुणाच्या जुन्या पुस्तकांत कॅरिओफायलेशियस पर्णरंध्रे असा शब्द येतो. दोन सहपेशी रंध्राला आडव्या असतात, अशी ती रचना. तिचे नाव या कुलावरून पडले असले तरी ती अडुळशातही आढळते, म्हणून निव्वळ रंध्रांवरून निर्णय देणे मला योग्य वाटत नाही. सोबत स्फटिक पाहावेत. वासा कुलात पानांच्या पेशींतून कॅल्शियम कार्बोनेटचे खडे दिसतात. ओल्डनलँडियात सुयांच्या जुडीसारखे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक असतात. पाटलपुष्प कुलात त्याच ऑक्झॅलेटचे ताऱ्यासारखे गुच्छ आढळतात.

जे वैद्यबंधू स्वतः वनस्पती गोळा करतात, त्यांना आणखी एक सूचना. पाटलपुष्प कुलातील म्हणून स्टेलारिया गोळा करताना तिच्याबरोबर शेतातील ॲनागॅलिस येण्याचा संभव असतो. पाने समोरासमोर, खोड नाजूक, आणि किंजपुट कापला तर तोही मुक्तमध्य! ती जनावरांना विषारी आहे. तिचे खोड चौकोनी व गुळगुळीत असते, पानाच्या खालच्या बाजूस काळसर ठिपके असतात, पाकळ्या तळाशी जुळलेल्या असतात आणि फळाची टोपी झाकणासारखी निघते. स्टेलारियाच्या गोल खोडावर केसांची एकच ओळ असून ती प्रत्येक पेऱ्यावर बाजू बदलते. ही ओळ उन्हाकडे धरून पाहिल्यास साध्या डोळ्यांनाही दिसते.

शंका उरल्यास मुळासह, फुलाफळांसह उपटलेली वनस्पती वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवावी. स्थळ, तारीख, जमीन व फुलाचा ओला असतानाचा रंग चिठ्ठीवर लिहावा. वाळल्यावर रंग बदलतो. पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागात किंवा मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील ब्लॅटर संग्रहात असे नमुने ताडून पाहता येतात. निर्णय आल्यावर औषधनिर्माणाच्या नोंदवहीत पर्पट या शब्दापुढे ते नाव लिहावे, आणि त्या गाठोड्यातील मूठभर द्रव्य बाटलीत भरून, तीच तारीख घालून, औषध संपेपर्यंत जपून ठेवावे.