मधला काळ : जुनं सुटलं, नवं हाती नाही

आजच्या व्याख्यानासाठी आम्हाला सुचवलेलं नाव होतं 'अनिश्चिततेतून संधीकडे'. आम्ही विनंती करून त्यातला 'संधी' हा शब्द काढून घेतला. कारण ज्याची नोकरी काल गेली आहे, त्याला 'संकट ही संधी असते' असं सांगणं सोपं असतं, पण ते ऐकणं फार अवघड असतं. संधीचं पुढे बघू. आज आपण फक्त मधल्या काळाबद्दल बोलू या.

मधला काळ म्हणजे काय, हे इथे बसलेल्या बहुतेकांना माहीत आहे. राजीनामा दिलाय, नवीन ठिकाणचं पत्र आलेलं नाही. परीक्षेचा निकाल लांबलाय. कंपनी 'पुनर्रचना' करतेय आणि यादीत आपलं नाव आहे की नाही, कुणी सांगत नाही. निवृत्ती झाली, निरोपसमारंभाची शाल घडी करून कपाटात गेली आणि सोमवारी सकाळी साडेनऊला काय करायचं, हेच कळत नाही. मराठीत या अवस्थेला नेमका शब्द आहे : अधांतर. जयंत पवारांनी गिरणी कामगाराच्या घरावर जे नाटक लिहिलं, त्याचं नाव हेच आहे, आणि ते उगाच नाही.

गिरणगावापासूनच सुरुवात करू. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या साठहून अधिक कापडगिरण्यांमध्ये डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढे काय झालं हे ढोबळमानाने आपल्याला ठाऊक आहे : लाखाच्या वर लोकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि गिरण्यांच्या जागी आज मॉल नि टॉवर उभे आहेत. पण आम्हाला एका वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधायचं आहे. हा संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. सुरू झाल्याची तारीख आहे, संपल्याची नाही. काही जण हळूहळू कामावर परतले, काहींना परत घेतलं नाही, काही गावी गेले ते गावीच राहिले. १९८३ मध्ये सरकारने १३ गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं, तेव्हा पुन्हा आशा निर्माण झाली.

आता एखाद्या कामगाराच्या जागी स्वतःला ठेवून बघा. त्याचं वाट पाहणं वेडेपणाचं होतं का? मुळीच नाही. आधीचे संप मिटले होते, भोंगा पुन्हा वाजला होता. शिवाय तेव्हाच्या कायद्याप्रमाणे वाटाघाटीचा हक्क फक्त मान्यताप्राप्त संघटनेला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. कामगार ज्यांच्यामागे उभे होते, त्या सामंतांना नव्हता. म्हणजे तोडगा अडलाय हे दिसत होतं, पण तो कायमचा अडलाय असं कुणी म्हणत नव्हतं. 'पुढच्या महिन्यात मिटेल' या आशेवर माणूस एक महिना काढतो, मग दुसरा. पोराचं नाव दुसऱ्या शाळेत घालायचं का, बायकोचा दागिना मोडायचा का, गावच्या जमिनीत लक्ष घालायचं का, असा प्रत्येक निर्णय 'मिटेपर्यंत' थांबतो. आम्हाला वाटतं, नोकरी जाण्याइतकंच हे थांबणं महाग पडतं. कारण नोकरी गेल्याचा दिवस निदान दाखवता येतो. थांबण्यात वर्षं गेली, तर ती कुठल्या दिवशी गेली, हे सांगता येत नाही.

इथे जरा बाजूला जाऊ. आपल्या घरांत मृत्यू झाला की सुतक पाळतात. कुणाचा त्यावर विश्वास असेल, कुणाचा नसेल. तो वाद आज नको. त्याची रचना तेवढी बघा. दहा दिवस. त्या घरात नेहमीसारखं काही करायचं नाही, शेजारचे पिठलं-भाकरी आणून देतात, कोण येणार-जाणार हे ठरलेलं असतं, आणि तेराव्याला गोडाचं जेवण होतं. बाळंतिणीला सव्वा महिना. हळद लागलेल्या नवरीने घराबाहेर पडायचं नाही. फ्रेंच अभ्यासक आर्नोल्ड व्हान गेनेप यांनी १९०९ साली जगभरच्या अशा विधींचा अभ्यास मांडला. त्यांना सगळीकडे तीन टप्पे दिसले : जुन्यापासून वेगळं होणं, उंबरठ्यावर असणं आणि नव्यात सामील होणं. आमच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो उंबरठा. परंपरेने उंबरठ्यावरच्या माणसाला एकटं सोडलेलं नाही. त्याला मुदत दिली, माणसं दिली, आणि काय करायचं-काय नाही हे सांगितलं.

नोकरी गेल्यावर यातलं काय मिळतं? नोकरीला सुतक नसतं. मुदत नाही, पिठलं-भाकरी नाही. उलट लोक लपवतात. आमच्याकडे आलेले एक गृहस्थ तीन महिने रोज डबा घेऊन घराबाहेर पडत होते आणि संध्याकाळपर्यंत वाचनालयात बसत होते. घरी कुणालाच माहीत नव्हतं. 'डबा भरून देणाऱ्या बायकोशी खोटं बोलतोय, याचाच जास्त त्रास झाला,' असं ते म्हणाले. आणि हे ऐकताना आमच्यातल्या एकाला स्वतःचे दिवस आठवले, कारण डब्याऐवजी लॅपटॉपची बॅग घेऊन त्यानेही हेच केलं होतं.

आता दुसरं गाव. योगायोगाने तेही कापडगिरणीचंच. व्हिएन्नाजवळचं मारिएन्थाल. तिथली गिरणी महामंदीच्या सुरुवातीला बंद पडली आणि जवळपास सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल हे तरुण अभ्यासक १९३१ च्या अखेरीस तिथे पोचले. ४७८ कुटुंबं. त्यांनी प्रश्नावल्या वाटून काम संपवलं नाही. लोकांचे डबे पाहिले, कपाटं पाहिली, पोरांचे निबंध वाचले. रस्त्यावरून माणसं किती वेगाने चालतात, किती वेळा थांबतात, हे घड्याळ लावून मोजलं.

निष्कर्ष काय निघाले? वेळ भरपूर झाला म्हणून लोक जास्त वाचतील, असं आपल्याला वाटतं ना? गावच्या वाचनालयातून पुस्तकं नेण्याचं प्रमाण दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं होतं, वर्गणी माफ केलेली असूनही. पुरुष रस्त्यात पुन्हा पुन्हा थांबत, हळू चालत. दिवसभरात काय केलं असं विचारलं, तर त्यांना नीट सांगता येत नसे. बायका मात्र भराभर चालत होत्या. कारण सोपं आहे : नोकरी त्यांचीही गेली होती, पण चूल, धुणं, पोरं यांतून त्यांची सुटका नव्हती. बायकांचं कौतुक करून पुढे जावं, असं हे नाही. त्या दमलेल्याच होत्या. पण त्यांच्या दिवसाला आकार होता.

याहोदांनी पुढे आयुष्यभर यावर काम केलं. त्यांचं म्हणणं असं, की नोकरी पगार तर देतेच, शिवाय न मागता आणखी काही देते : दिवसाचं वेळापत्रक, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, चार जणांसोबत काहीतरी करत असल्याची भावना, समाजातली ओळख आणि हातांना नियमित काम. पगार थांबला हे लगेच दिसतं. बाकीचं गेलेलं दिसत नाही, आणि माणसाला वाटतं आपण आळशी झालो.

आम्ही लोकांबरोबर बसतो तेव्हा म्हणूनच 'पुढे काय करणार?' हा प्रश्न पहिल्या बैठकीत विचारतच नाही. आधी विचारतो : काय संपलंय? ते वहीत लिहायला सांगतो, तारखेसकट. 'अमुक कंपनीतली नोकरी अमुक दिवशी संपली.' ऐकायला बालिश वाटेल. पण हे एक वाक्य लिहायला काहींना दोन-दोन आठवडे लागलेले आम्ही पाहिले आहेत. कोर्टात दावा चालू असेल, परत घेण्याची बोलणी चालू असतील, तरी चालेल. दावा लढत राहायचा. फक्त घर त्या दाव्याच्या भरवशावर चालवायचं नाही.

मग मुदत. घरात रोख आणि मोडता येईल अशी बचत किती, महिन्याचा खर्च किती, भागाकार करायचा. सात महिने निघाले, तर चौथ्या महिन्याच्या शेवटी एक तारीख नक्की करायची : त्या दिवसापर्यंत मनासारखं काम शोधायचं, त्यानंतर मिळेल ते घ्यायचं. तारीख घरच्यांसमोर ठरवावी. आणि त्या मुदतीच्या आत, ज्यातून परतता येत नाही असा निर्णय टाळावा. ग्रॅच्युइटीची सगळी रक्कम पहिल्याच महिन्यात भाच्याच्या हॉटेलात घालणं, हा त्यातला नेहमीचा प्रकार. (हशा) हसताय, म्हणजे प्रत्येकाच्या ओळखीत असा भाचा आहे.

दिवसाच्या आकाराबद्दल पुन्हा गिरणगावातलंच उदाहरण. परळ-लालबागच्या बायका गिरणीत काम करणाऱ्या एकट्या पुरुषांसाठी खानावळी चालवत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने त्या 'अन्नपूर्णा महिला मंडळ' म्हणून एकत्र आल्या, सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवू लागल्या. म्हणजे संपाच्या सात वर्षं आधी. संपाने त्यांचीही कंबर मोडली, कारण जेवणारे गडीच गावी गेले. पण त्यांच्या हाताशी एकमेकींची ओळख होती, हिशेब ठेवायची सवय होती, बँकेत नाव होतं. मधल्या काळात कामाला येतं ते बहुतेक वेळा आधीच जमवलेलं असतं, हे मान्य केलं पाहिजे. नसेल, तर आठवड्यातले दोन दिवस तरी कुणीतरी आपली वाट पाहील असं काही हातात घ्यावं, मग ते बिनपगारी का असेना. शेजारच्या दुकानाचा जीएसटी भरून देणं, शाळेत गणित शिकवणं, काहीही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो. वही आणि तारीख यांनी गिरण्या वाचल्या नसत्या. जमिनीचे भाव, मालकांचे हिशेब, कायदा हे सगळं एकेका कामगाराच्या आवाक्याबाहेरचं होतं. त्याचं अपयश त्याच्या स्वभावात शोधणाऱ्यांशी आमचं भांडण आहे.

वेळ झाली. एकच प्रश्न घेऊ. एक ताई विचारताहेत, मिस्टर अकरा महिने घरी आहेत, विषय काढला की चिडतात, काय करू? ताई, नोकरीचा विषय काढू नका. महिन्याच्या खर्चाची वही त्यांच्याकडे सोपवा, खरोखर सोपवा, आणि रविवारी दोघांनी मिळून आकडे बघा. पहिल्या रविवारी भांडण होईल. दुसऱ्या रविवारीही वही उघडा.