बायपासनंतर पोट कमी करताना

बायपास करून घरी आलेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण दोन गोष्टी सांगून जातो. एक, "आता आराम करा," आणि दुसरी, "पोट तेवढं उतरवा." दोन्ही सल्ले खरेच. पण पोट उतरवण्याची घाई झाली की त्यातून नवे दुखणे उभे राहते, म्हणून हा विषय सभासद बंधुभगिनींपुढे मांडत आहोत.

पोटाची चरबी दोन जागी असते. कातडीखालची चिमटीत धरता येते. दुसरी आत, आतड्यांभोवती साठते, आणि साखर, रक्तदाब व रक्तातील चरबी बिघडवणारी हीच. आपल्याकडे अंगाने किरकोळ माणसातही ती असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपलेच उदाहरण दिले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! म्हणून काट्यापेक्षा टेपवर भरवसा ठेवावा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून माप घ्यावे. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० च्या वर गेले की धोका धरावा.

आता घाई का नको? बायपासमध्ये छातीचे मधले हाड उभे कापतात आणि नंतर तारेने बांधतात. ते सांधायला दीड ते तीन महिने लागतात. तोवर पाच किलोच्या वर काही उचलायचे नाही. भरलेली घागर नाही, दुधाची किटली नाही, खताचे पोते तर नाहीच. उताणे पडून उठाबशा काढल्यासारखे पोटाचे व्यायाम याच हाडावर ताण देतात. शिवाय पोटाचा व्यायाम केला म्हणून पोटाचीच चरबी जळते असे नाही. शरीर ती सगळीकडून थोडी थोडी काढते. पोटाला बांधायच्या पट्ट्यांनी घाम येतो, चरबी जात नाही.

खरा व्यायाम चालण्याचा. सुरुवातीला घराच्या अंगणात पाच-दहा मिनिटे, दिवसातून दोनतीनदा. मग दर आठवड्याला थोडे वाढवत, डॉक्टरांच्या सांगण्याने अर्ध्या तासापर्यंत. चालताना बोलता आले पाहिजे. धाप लागून बोलणे तुटले तर वेग कमी करावा. माढ्याच्या उन्हाळ्यात हे सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर. जेवल्या जेवल्या तर नकोच.

जेवणाचे म्हणाल तर पहिला महिना उपाशी राहण्याचा नव्हेच. जखम भरायला मटकी, मूग, दूध, दही, चालत असेल त्याला अंडी, हे पोटात गेलेच पाहिजे. ज्वारीची भाकरी उत्तम, पण किती ते मोजून. शेंगाचटणी आपल्या जिल्ह्याची शान खरी. तरी तीत तेल-मीठ असते, चमचाभर पुरे. लोणचे-पापड बाजूला ठेवावे. साखर कारखान्याच्या पत्रकात हे छापताना हसू येते, पण हिशेब असा: दिवसाचे पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे ५० ग्रॅम. महिन्याला दीड किलो! गुळाचा चहा केला म्हणून यात फरक पडत नाही. एकादशीचा साबुदाणा आणि तळलेले पदार्थ म्हणजे उपवास नव्हे, दुप्पट जेवण.

साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण सोडू नये. रक्तातील साखर एकाएकी उतरून चक्कर येते. वजन उतरवण्याचे काढे, चूर्णे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांशी जमतीलच असे नाही. आणि पोट उतरले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करणारे लोक आम्ही पाहिले आहेत, त्यांना तर हात जोडून सांगणे आहे, तसे करू नका.

जखम भरल्यावर आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी भरपूर झाले. उलट एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वजन वाढले, पाय सुजले, तर ती चरबी नव्हे, अंगात साठलेले पाणी आहे. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. छातीच्या हाडात कटकट वाजणे, जखमेतून पू, ताप, यालाही तोच नियम. छातीत दुखून घाम फुटला किंवा पडल्या पडल्या दम लागला, तर गाडीवर बसवून नेऊ नका. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.