मोटरसायकलचा डॅम्पर : घ्यावा कीं न घ्यावा?

निघोजें हें खेड तालुक्यांतील इंद्रायणीकांठचें गांव. ज्या शिवारांत पूर्वीं केवळ शेती होत असे, तेथें आज महिंद्रांचा मोटारींचा विस्तीर्ण कारखाना उभा आहे. आणि चाकणच्या याच पट्ट्यांत बजाजच्या कारखान्यांत केटीएम या मूळच्या ऑस्ट्रियन मोटरसायकली तयार होतात. जेथें यंत्रेंच पिकतात, तेथील तरुणांस यंत्राची ओढ लागावी हें स्वाभाविकच होय. 2020 सालच्या जानेवारींत ‘390 ॲडव्हेंचर’ ही गाडी सुमारें तीन लाख रुपयांस बाजारांत आली. अशा गाडीवर बसून रविवारीं डांबरी सडक सोडावयाची व डोंगरांतील गाडीवाटा धुंडावयाच्या, हा छंद त्या भागांत आतां घरोघरीं ओळखीचा झाला आहे. छंदामागोमाग मागण्याही येतात, व त्यांत ‘स्टिअरिंग डॅम्पर’ या जिनसाचें नांव अलीकडे वरचेवर ऐकूं येतें. वडील माणसांस मात्र ही चैन आहे कीं जिवाचें रक्षण, हें उमगत नाहीं. पैशाचा प्रश्न आहेच. पण मुलाच्या हाडांचा प्रश्न त्याहून मोठा आहे. म्हणून या यंत्राचा थोडा विचार येथें करूं.

प्रथम रोग कोणता तें पाहूं. गाडीच्या पुढच्या चिमट्याचा आंस तिरपा असतो. तो कल्पनेनें जमिनीपर्यंत वाढविला, तर तो जेथें टेकेल त्याच्या थोडें मागें चाक जमिनीवर टेकलेलें असतें. त्यामुळें कचेरींतील फिरत्या खुर्चीच्या चाकाप्रमाणें तें पुढें जातांना आपण होऊन सरळ रेषेंत येतें. हा गुणच प्रसंगीं दोष ठरतो. दगडाचा धक्का बसून चाक एका अंगास वळलें, कीं परत येतांना तें मध्यावर न थांबतां पलीकडे जातें, व तेथून पुन्हां अलीकडे. वेग पुरेसा असला तर हे हेलकावे शमण्याऐवजीं वाढतात, आणि सेकंदास चारपासून दहापर्यंत होऊं लागतात. डोळ्यांनीं पाहिलेल्या गोष्टीस हातानें उत्तर देण्यास मनुष्यास सेकंदाचा पंचमांश तरी लागतो. तेवढ्यांत एखाददुसरा हेलकावा होऊनही गेलेला असतो. म्हणून हँडल घट्ट आवळून धरणें हा त्यावर उपाय नव्हे.

जें काम हातास साधत नाहीं तें डॅम्पर करतो. शब्द ऐकून संस्कृतज्ञास ‘दम्’ धातूची आठवण होईल. परंतु हें साम्य योगायोगाचें आहे. मूळ जर्मानिक शब्दाचा अर्थ वाफ किंवा दमट हवा असा आहे. अर्थ मात्र जुळतो खरा. यंत्राच्या पोटांत तेल असतें, व हँडल फिरलें कीं तें बारीक छिद्रांतून ढकललें जातें. हळू ढकललें तर तेल सहज वाट देतें; झटक्यानें ढकललें तर अडून बसतें. म्हणजे स्वाराच्या सावकाश वळण्यास मोकळीक, आणि दगडाच्या धक्क्यास विरोध. जुन्या बीएसए व जावा गाड्यांच्या हँडलाच्या मध्यावर पीळ देण्याची एक मूठ असे, तोही डॅम्परच. पण तो घर्षणानें चाले, आणि घर्षणास हळू व जलद हा विवेक नसतो.

आतां मुख्य गोष्ट. निरोगी गाडीचें हँडल क्वचितच फडफडतें. तें वारंवार फडफडत असेल तर आधीं कोनसेट ढिला झाला आहे काय, टायर झिजला आहे काय, त्यांतील हवा बरोबर आहे काय, रिम वांकडी आहे काय, मागें सामानाचा अतिरेक झाला आहे काय, हें पाहावें. हे दोष तसेच ठेवून डॅम्पर बसविणें म्हणजे रोग्यास अफू देण्यासारखें आहे. वेदना थांबते, रोग आंत वाढतो.

गाडी निर्दोष असली तरी ती कोठें चालवावयाची आहे, हा दुसरा प्रश्न. 2015 सालीं सी. एस. संतोष हे डकार शर्यतींत उतरणारे पहिले भारतीय स्वार ठरले व 36व्या क्रमांकानें ती पुरी करून आले. वाळवंटांत दिवसचे दिवस भरधाव जाणाऱ्यास डॅम्पर हा मोठा आधार आहे; त्यानें दंडाचा शीणही वांचतो. होंडानेंही 2008 च्या सुमारास आपल्या शर्यतीच्या गाडीस तो कारखान्यांतूनच जोडण्यास आरंभ केला. आपल्या सह्याद्रींतील वाटा मात्र चढउताराच्या, खडकाळ व संथ गतीच्या. तेथें फार आवळलेला डॅम्पर उलट घातक होतो. दुचाकी उभी राहते ती हँडलाच्या बारीक हालचालींनींच. गाडी ज्या अंगास कलते त्या अंगास चाक किंचित् वळतें, म्हणून तोल सांवरतो. ती हालचाल अडली कीं मंद गतींत गाडी लाकडासारखी कलंडते.

इतकें पाहून घ्यावयाचाच ठरला, तर निवड अशी करावी. एक, ज्याचा जोर कमीअधिक करतां येतो, तोही हातमोज्यासह व चालत्या गाडीवर, असा घ्यावा. दोन, कांहीं डॅम्पर दोन्ही दिशांस विरोध करतात, तर स्कॉट्ससारखे कांहीं हँडल मध्यापासून दूर जातांनाच अडवितात व परत येण्यास मोकळीक देतात. दगडाधोंड्यांच्या वाटेवर दुसरा प्रकार अधिक सोयीचा. तीन, शर्यतीच्या सडकेवरील गाड्यांचा दांड्यासारखा डॅम्पर पडझडींत वांकण्याचें भय असतें. रानांतल्या गाडीस हँडलाच्या मध्यावर बसणारा, चपट्या डबीसारखा, फिरता प्रकार बरा. चार, तो त्याच गाडीच्या मापाचा असावा, आणि बसविल्यावर हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळतें कीं नाहीं तें गाडी उभी असतांनाच पाहावें. पांच, तेल बदलणारा व सुटे भाग देणारा कोणी जवळपास आहे काय, याची आधीं चौकशी करावी. आरंभ नेहमीं कमींत कमी जोरानें करावा.

तेव्हां आईबापांनीं एकदम नकार देऊं नये, व एकदम पैसेही काढून देऊं नयेत. कोनसेट केव्हां तपासला, टायर कसे आहेत, आणि जाणार कोठें व किती वेगानें, हे तीन प्रश्न विचारावे. डोंगरवाटांपुरताच छंद असेल तर तोच पैसा चांगले टायर, गुडघ्यांचें कवच आणि एखाद्या जाणत्याकडील शिक्षण यांवर खर्चावा. शर्यतीचा किंवा वाळवंटाचा बेत पक्का असेल, तर मात्र चांगल्यांतला डॅम्पर घेऊन द्यावा. तेथें काटकसर करूं नये.