नदीकाठापासून शिखरापर्यंत
रुळांच्या गावांना : भाग 7 – सॅक्रामेंटो

मॉडेल रेल्वेच्या संमेलनाचं वेळापत्रक पाहून नवखा माणूस बुचकळ्यात पडतो. सभागृहात कार्यशाळा चालू असतात, शेजारच्या दालनात चिमुकली इंजिनं आणि डबे विक्रीला मांडलेले असतात, आणि तरीही सकाळी हॉटेलच्या दारातून बसगाड्या भरभरून बाहेर पडत असतात. कुणी संग्रहालयाकडे, कुणी यार्डाकडे, कुणी डोंगरातल्या एखाद्या जुन्या बोगद्याकडे. लांबून आलेली ही मंडळी संमेलन सोडून भटकायला का जातात?

याचं उत्तर साध्या गणितात आहे. सर्वांत लोकप्रिय असलेल्या एचओ प्रमाणात मूळ वस्तू 87 पट लहान होते. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोपासून सिएरा नेवाडा पर्वतातल्या डॉनर शिखरापर्यंतचा मूळ लोहमार्ग सुमारे 105 मैलांचा. तो 87 पट लहान करूनही जवळजवळ दोन किलोमीटर उरतो आणि सात हजार फुटांचा चढ ऐंशी फुटांचा होतो. एवढं कुणाच्या तळघरात मावणार? त्यामुळे लेआउट, म्हणजे मॉडेल रेल्वेचा मांडलेला देखावा, बांधणाऱ्याचं खरं कसब गाळण्यात असतं. कोणतं वळण ठेवायचं, कोणता पूल सोडायचा, कशाला धक्का लावायचा नाही, हे ठरवायला मूळ जागा पायाखालून घालावी लागते. सहल हा संमेलनाचा विरंगुळा नव्हे, त्याच्या अभ्यासाचाच भाग आहे.

अमेरिकेतली नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन 1935 मध्ये मिलवॉकीला स्थापन झाली. तिचं राष्ट्रीय संमेलन वेगवेगळ्या शहरांत भरतं. 2011 मध्ये ते सॅक्रामेंटोला भरलं होतं. संमेलन असो वा नसो, या शहराची एक सोय न्यारी आहे. इथली रेल्वेची मुख्य ठिकाणं एकाच मार्गावर, नदीकाठापासून शिखरापर्यंत, ओळीने लागलेली आहेत.

नदीकाठी

सुरुवात ओल्ड सॅक्रामेंटोपासून. सॅक्रामेंटो नदीच्या काठचा हा जुना बाजार. 1862 च्या जानेवारीत इथे एवढा पूर आला होता की, नवे गव्हर्नर लिलंड स्टॅनफर्ड शपथविधीला होडीतून गेले. पुढे शहराने अनेक रस्ते भराव घालून उंच केले. दुकानांचे जुने तळमजले जमिनीखाली गेले. ते दाखवणाऱ्या फेऱ्या निघतात, त्या चुकवू नका.

स्टॅनफर्ड मूळचे किराणा व्यापारी. चार्ल्स क्रॉकर कापडवाले, तर कॉलिस हंटिंग्टन आणि मार्क हॉपकिन्स यांचं हार्डवेअरचं दुकान. या चौघांनी रेल्वेसाठी पैसा उभा केला, पण सिएरातून रूळ कुठून नेता येईल हे शोधलं थिओडोर जुडा या अभियंत्याने. 8 जानेवारी 1863 ला नदीकाठी सेंट्रल पॅसिफिक रेल्वेची पहिली कुदळ पडली, ऑक्टोबरअखेर पहिला रूळ बसला, आणि 2 नोव्हेंबरला जुडा वारला. भागीदारांशी वाद होऊन तो नवा पैसा उभा करायला पूर्वेकडे निघाला होता. वाटेत पनामात त्याला पिवळ्या तापाने गाठलं. त्याच महिन्यात कंपनीचं पहिलं इंजिन धावलं.

ते इंजिन, ‘गव्हर्नर स्टॅनफर्ड’, आज जवळच्याच कॅलिफोर्निया स्टेट रेलरोड म्युझियममध्ये आहे. फिलाडेल्फियात घडवलेलं हे इंजिन दक्षिण अमेरिकेला वळसा घालून समुद्रमार्गे आलं, कारण खंड ओलांडणारा रूळ अजून टाकायचाच होता. याच संग्रहालयात डुलणारा झोपण्याचा डबा आहे, टपालाची वर्गवारी करण्याचा डबा आहे, भोजनाच्या डब्यात जेवणाची टेबलं मांडलेली आहेत आणि वरच्या मजल्यावर खेळण्यातल्या गाड्यांचा मोठा संग्रह आहे.

मात्र सर्वांत जास्त वेळ द्यावा तो सेंट्रल पॅसिफिकचा मार्ग पुढे चालवणाऱ्या सदर्न पॅसिफिक कंपनीच्या 4294 क्रमांकाच्या इंजिनाला. बाल्डविन कारखान्याने 1944 मध्ये बनवलेलं हे धूड उलटं जोडल्यासारखं दिसतं. चालकाची केबिन सगळ्यांत पुढे आणि धुराडं मागे. एवढ्या मोठ्या कंपनीने असलं विचित्र रूप का पत्करलं असेल? त्याचं कारण वर डोंगरात आहे.

शिखराकडे

डोंगरात जायला अ‍ॅमट्रॅकची ‘कॅलिफोर्निया झेफिर’ उत्तम. ती रोज सॅक्रामेंटोहून पूर्वेकडे निघते. कोलफॅक्सनंतरच्या चढावर अमेरिकन नदीची खोल दरी उजवीकडे राहते. शिखरापलीकडचं डॉनर सरोवर मात्र डाव्या हाताला, खाली दिसतं. मूळ मार्गाचा तीव्रतम चढ मैलाला 116 फूट, म्हणजे साधारण 46 फुटांत एक फूट. आपला बोरघाट 37 फुटांत एक फूट चढतो, म्हणजे याहून खडा, आणि तो खुला झाला तोही 1863 मध्येच. कर्जतला गाडीला मागून रेटणारी बँकर इंजिनं लागताना पाहिलेल्या माणसाला सिएराचा चढ समजावून सांगावा लागत नाही. फरक बर्फाचा. बोरघाटात पावसाशी झुंज, इथे हिमवर्षावाशी. 1952 च्या जानेवारीत ‘सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को’ ही आलिशान गाडी सव्वादोनशे माणसांसह युबा गॅपजवळ बर्फात तीन दिवस अडकून पडली होती.

अशा बर्फावर उपाय म्हणून सेंट्रल पॅसिफिकने फार आधीच रुळांवर लाकडी छपरं घातली होती. एके काळी ती तीस मैलांहून अधिक लांब पसरली होती. छपरांत आणि बोगद्यांत जड इंजिनाचा धूर कोंडायचा आणि मागे बसलेल्या चालकाचा जीव गुदमरायचा. म्हणून केबिनच पुढे आणली. हे जमलं, कारण इंधन तेल होतं. ते टेंडरमधून नळीने पुढच्या भट्टीपर्यंत नेता येतं. कोळसा असता तर फावड्याने तिथवर टाकणार कोण?

म्हणजे 4294 चं लेआउटवर मॉडेल चालवायचं तर छपरं गाळून चालत नाही. गंमत अशी की, छपरं मॉडेलवाल्याच्याही सोयीची. त्यांच्या आडून गाडी गुपचूप पडद्यामागे नेता येते.

शिखराचा बोगदा 1,659 फुटांचा, ग्रॅनाइटमधून खणलेला. काम दोन्ही तोंडांकडून आणि मधल्या विहिरीतून एकाच वेळी चाललं. साध्या बारुदाने दगड हलेना, तेव्हा जागेवरच नायट्रोग्लिसरीन तयार करून वापरलं. खणणारे हात मुख्यतः चिनी मजुरांचे. त्यांना गोऱ्यांपेक्षा कमी मजुरी, शिवाय जेवणखाण पदरचं. 1867 च्या जूनमध्ये त्यांनी संप केला. क्रॉकरने शिध्याचा पुरवठा तोडून आठवड्याभरात तो मोडला. बोगद्याजवळ त्यांनी दगडावर दगड रचून उभारलेली भिंत ‘चायना वॉल’ म्हणून ओळखली जाते आणि जुन्या डॉनर पास रस्त्यावरून ती स्पष्ट दिसते. शिखरावरचा हा मूळ मार्ग 1993 मध्ये बंद झाला. गाड्या आता 1925 च्या लांब बोगद्याने जातात. त्या बोगद्यावरच्या डोंगराला जुडाचं नाव आहे.

वेळ उरला तर

कलोमा इथे 24 जानेवारी 1848 ला सोनं सापडलं, ते ठिकाण पाहता येतं. दक्षिणेला जेम्सटाउनचं ‘रेलटाउन 1897’ आहे. तिथलं सिएरा रेल्वेचं 3 क्रमांकाचं इंजिन ‘हाय नून’ आणि ‘बॅक टू द फ्यूचर 3’ या चित्रपटांत झळकलं आहे.

मुलांकडे बे एरियात मुक्कामाला जाणाऱ्या मराठी आईवडिलांची लेक टाहोची सहल बहुधा ठरलेलीच असते. इंटरस्टेट 80 ने गेलात, तर सॅक्रामेंटो आणि डॉनर दोन्ही वाटेवरच लागतात. जाताना अर्धा दिवस संग्रहालयाला द्या आणि मगच घाट चढा. हा क्रम उलटा करू नका. 4294 आधी पाहिलेलं नसेल, तर शिखरावरच्या छपरांकडे कुणाचं लक्षही जात नाही.

(पुढच्या आठवड्यात : शिखरापलीकडे नेवाडात, चांदीच्या खाणींनी उभी केलेली व्हर्जिनिया अँड ट्रकी रेल्वे.)