जुनं हिब्रू पुस्तक कुणाचं? आडनावातलं गाव शोधा

कर्जत-खोपोली लोकलमध्ये बसून ऐकताय ना? मग आजचा विषय तुमच्या शेजारचाच आहे. खालापूरला लागून असलेल्या पेणपासून पार रोहा-मुरूडपर्यंत बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, पिढ्यानपिढ्या राहिले. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी सुट्टी, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे.

त्यांची पुस्तकंही भारी! वल्हांडण सणाला घरी वाचतात ती 'हगादा' १८४६ साली मुंबईत शिळाछापावर निघाली, हिब्रू आणि मराठीत. १८७४ च्या पुण्यातल्या हगादात तर चित्रातल्या बायका साडी नेसून बिनखमिराच्या भाकऱ्या करतायत!

आता अशा प्रती दुर्मिळ का? एक तर जीर्ण झालेलं धर्मपुस्तक ज्यू लोक रद्दीत देत नाहीत, पुरतात. दुसरं, १९४८ नंतर बरीच कुटुंबं इस्रायलला गेली. पुस्तकंही पांगली.

मग एखादी प्रत हाती आली, तर मालक कसा शोधायचा?

आधी पुस्तक उलटं धरा. हिब्रू उजवीकडून वाचतात, त्यामुळे आपल्याला शेवटचं वाटणारं पान हे पहिलं. तिथे नाव, शिक्का, तारीख सापडू शकते.

मग आडनाव बघा. पेणकर, रोहेकर, किहीमकर, राजपूरकर... गाव आडनावातच आहे! पण जपून. हे पूर्वजांचं गाव. पुस्तकाचा मालक मुंबईत राहत असेल.

शेवटी साल. हिब्रूत अक्षरांनाच आकडे असतात. ताव ४००, रेश २००, लामेद ३०, दालेत ४. झाले ६३४. पाच हजार बहुतेक वेळा लिहीत नाहीत. ६३४ मध्ये १२४० मिळवा: १८७४! फक्त ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं, म्हणून एका वर्षाचा फरक पडू शकतो.

जगभर हेच काम चाललंय. कोलंबिया विद्यापीठाचा 'फूटप्रिंट्स' प्रकल्प जुन्या ज्यू पुस्तकांची एकेक प्रत कुठून कुठे गेली, याची नोंद ठेवतो.

म्हणून एकच सांगणं. अशी प्रत दिसली तर लॅमिनेशन नको, चिकटपट्टी नको, नाव खोडणं तर नकोच. मोबाईलवर प्रत्येक लिहिलेल्या पानाचा फोटो काढा. छापलेला मजकूर दुसऱ्या प्रतीत मिळेल. शाईनं लिहिलेलं ते नाव मात्र त्या एकाच पानावर आहे.