ब्रोकनहर्स्टच्या चर्चमधला सुखा

इंग्लंडच्या दक्षिणेला न्यू फॉरेस्ट हे राजाच्या शिकारीचं जुनं रान आहे. मोकळी तट्टं रस्त्यावर येऊन उभी राहतात आणि गाड्या मुकाट थांबतात. या रानातलं गाव म्हणजे ब्रोकनहर्स्ट. गावाच्या कडेला, उंचवट्यावर सेंट निकोलस चर्च आहे. ब्रशर मिल्स नावाच्या सापवाल्याचं थडगं पाहायला लोक इथे येतात. मराठी माणसाने मात्र आधी सुखाचा दगड शोधावा.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी शिपायांसाठी या गावात लेडी हार्डिंग रुग्णालय उघडलं. गावातला ‘मीरत रोड’ त्याच काळाची खूण. बरेलीचा सुखा या रुग्णालयात सफाई करायचा. १२ जानेवारी १९१५ रोजी तो वारला, तेव्हा तीस वर्षांचा होता. पुढची हकीकत अशी सांगतात: तो अस्पृश्य म्हणून हिंदूंनी त्याचं दहन नाकारलं. वोकिंगच्या मशिदीकडे विचारणा झाली, पण तो मुसलमान नव्हता. शेवटी गावच्या पाद्र्याने त्याला आपल्या चर्चच्या आवारात जागा दिली आणि गावकऱ्यांनी दगड उभारला. त्यावर त्याचं नाव, मोहल्ला आणि काम कोरलेलं आहे, तो ख्रिस्ती नव्हता हेही आहे. जात मात्र नाही.

हे वाचताना आपल्याकडची गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. महारांची लष्करभरती इंग्रजांनी १८९०च्या दशकातच बंद केली होती. माणसं कमी पडू लागली तेव्हा, १९१७ साली, १११वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१मध्ये मोडलीही. सुखाने तर बंदूक धरलीच नव्हती. अशा माणसाचं नाव युद्धाच्या इतिहासात कोण शोधणार?

इथे मला जिओकॅशिंगचं, म्हणजे जीपीएसच्या मदतीने लपवलेला डबा शोधण्याच्या खेळाचं, मोल वाटतं. मे २०००मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगनमध्ये एकाने रानात डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तिथून हा खेळ जगभर पसरला. ब्रिटनमध्ये चर्चभोवतीच्या डब्यांची मोठी मालिकाच आहे. दफनभूमीतला सभ्य खेळ असा: थडग्याला हात लावायचा नाही, काही उकरायचं नाही. दगडावरची तारीख, वय, साल टिपायचं, ते आकडे कोड्यात भरायचे आणि मिळालेल्या ठिकाणी, आवाराबाहेर, डबा शोधायचा. आकड्यासाठी का होईना, माणूस अनोळखी दगडापुढे वाकतो आणि अक्षर न् अक्षर वाचतो. विस्मरणात गेलेल्या माणसाला याहून जास्त काय हवं असतं?

याच आवारात नव्वदहून अधिक न्यूझीलंडचे सैनिक पुरलेले आहेत. हिंदी रुग्णालयानंतर गावात त्यांचं रुग्णालय आलं होतं. त्यांच्यासाठी दरवर्षी एप्रिलमध्ये अँझॅक दिनाची प्रार्थना होते. सुखाचा दिवस ऐन थंडीत येतो.

लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून ब्रोकनहर्स्टला थेट गाडी आहे आणि स्थानकापासून चर्च चालत जाण्याजोगं आहे. साउथॅम्प्टनकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी बारा जानेवारीच्या आसपासचा एखादा रविवार याला द्यावा. बरोबर मुलं असतील तर दगड त्यांनाच वाचायला लावावा.