जागा आहे, तरी डिस्क भरली!

कर्जतमधल्या एका छोट्या ऑफिसचा लिनक्स सर्व्हर ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ म्हणत अडून बसला होता. ‘डीएफ -एच’ चालवून पाहिलं, तर 40 टक्के जागा मोकळी! मग खोटं कोण बोलतंय?

कोणीच नाही. कोठारात भाताच्या गोण्यांना जागा आहे, पण नोंदवहीची पानं संपलीत, अशी ती गत. प्रत्येक फाइलला एक आयनोड, म्हणजे त्या नोंदवहीतलं एक पान, लागतो. एक्स्ट-4 या फाइल सिस्टिममध्ये त्यांची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते, एरवी 16 केबीमागे एक. म्हणजे 100 जीबीला साधारण 65 लाख. ‘डीएफ -आय’ने 100 टक्के दाखवले आणि चोर सापडला: वेबसाइटच्या जुन्या सेशनच्या चिमुकल्या फायली, लाखांनी साचलेल्या. त्या पुसल्या, गाडी रुळावर आली.

उलटही होतं. भलीमोठी लॉग फाइल पुसली तरी जागा सुटत नाही, कारण एखाद्या प्रोग्रॅमने ती अजून उघडी धरलेली असते. ‘एलएसओएफ +एल1’ तो प्रोग्रॅम दाखवतं. तेवढाच रीस्टार्ट करावा. (अख्खं मशीन बंद-चालू करण्याचा आपला लाडका उपायही लागू पडतो, पण दुखणं कळत नाही.)

शिवाय एक्स्ट-4 सहसा 5 टक्के जागा रूटसाठी राखून ठेवतं, म्हणून ‘डीएफ’मधली वजाबाकी कधीच जुळत नाही.